चष्मेवाल्याचा चमकता बोर्ड

२० ऑगस्ट, सकाळ
ही डायरी रंगाच्या कंपनीने ह्यांना दिलेली. मागच्या वर्षीची आहे, त्यामुळे तारखा बरोबर आणि वार चुकीचे. वार खोडून वापरते आहे. पहिल्या पानावर ह्यांच्या अक्षरात '१२ × ३, पिवळा, सावली उजवीकडे' एवढंच. अख्ख्या वर्षाची डायरी आणि लिहिली एक ओळ. मी तशी नाही. रोज लिहिणार.

मुलीचा फोन. म्हणाली, आई, बाबा गेले त्याला दहा महिने झाले. त्यांच्या बोर्ड रंगवायच्या गाळ्यात एकटी बसून काय रंगाचे डबे मोजत असतेस? म्हटलं, मोजत नाही, पुसते. बराच वेळ वाद. शेवटी ठरलं ते असं. १५ सप्टेंबरला ती येणार. तोवर माझ्या हातचा एक बोर्ड रस्त्यावर लागला तर गाळा चालू. नाही तर किल्ली तिच्या हातात आणि मी तिच्या घरी. जावई मागून म्हणाले, आईंसाठी खोली तयार आहे, खिडकीसुद्धा आहे. खिडकी तुरुंगालाही असते.

२१ ऑगस्ट
काम मिळालं. चौकातल्या चष्मेवाल्याला जाऊन सांगितलं, तुमचा बोर्ड जुना झाला, आता चमकत्या थ्रीडी अक्षरांचा जमाना आहे. तो म्हणाला, वहिनी, दादांनी हा गेल्याच वर्षी रंगवला, अजून दहा वर्षं हलणार नाही. मी तिथेच उभी राहिले. हलले नाही. मग म्हणाला, बरं, करा. घाई नाही. पायरी उतरताना मागून पुन्हा म्हणाला, अजिबात घाई नाही. धंद्यातला माणूस दोनदा घाई नाही म्हणतो तेव्हा त्याला किती घाई असते, ते मला ठाऊक आहे.

आलाच आहात तर डोळे तपासून जा, असंही म्हणत होता. म्हटलं, आधी तुमचं काम.

बेत: आठ दिवस शिकणे. दोन दिवस करणे. उरलेले दिवस पुढच्या ऑर्डरी.

२२ ऑगस्ट, दुपार
कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं. ह्यांनी तीन वर्षांपूर्वी घेतला, आता हेच येणार म्हणून. आलं तेव्हा त्यावर पत्ते खेळले. फोटोचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटर विकणाऱ्यानेच घालून दिलेलं आहे.

इंटरनेटवर मास्तर सापडला. व्हिडिओचं नाव 'एका मिनिटात चमकती थ्रीडी अक्षरं'. व्हिडिओ बावीस मिनिटांचा. दर वाक्याला 'सिंपल' म्हणतो. मी त्याचं नाव एकमिनिट्या ठेवलं.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन ह्यांच्या बोर्डांवर. हे शिडीवर, मी खाली शिडी धरून, आणि वर अक्षर पुरं व्हायच्या आत ओळखायचं, असा आमचा खेळ. नंतर वाचनालयाची दोन कपाटं वाचून काढली. तेव्हा सिंपलला मी घाबरत नाही.

स्क्रीन वाचायला ह्यांचा चष्मा लावते. नंबर साधारण सारखाच. दुसरं कारण नाही.

२३ ऑगस्ट
नवी फाइल उघडली. मशीनने माप विचारलं. ह्यांची पद्धत माहीत आहे: इंचाला फूट. बारा फुटांचा बोर्ड असेल तर कागदावर बारा इंचांचं चित्र काढायचं, चौकोन आखायचे आणि तेच पत्र्यावर मोठं करायचं. चाळीस वर्षांत कधी चुकलं नाही. मी बारा इंच बाय तीन इंच दिलं. मग मशीनने रेझोल्युशन विचारलं, म्हणजे एका इंचात किती टिंबं. तिथे आधीच ७२ लिहिलेलं होतं. राहू दिलं. ह्यांचं वयही बहात्तरच होतं. ओळखीचा आकडा.

'चष्मे' टाइप केलं. आजचं काम झालं.

२६ ऑगस्ट
दोन दिवस लिहिलं नाही. पाठ धरली होती. शिवाय खुर्ची ह्यांच्या उंचीची आहे. ती खाली करता येते असं झेरॉक्सवाली म्हणाली. शेजारच्या गाळ्यात झेरॉक्स काढते, आणि आल्यागेल्याला मत फुकट देते. म्हटलं, असू दे तशीच.

२७ ऑगस्ट, सकाळी दहा
थ्रीडीचं गुपित कळलं. अक्षराची नक्कल काढायची, एका टिंबाएवढी बाजूला सरकवायची. मग तिची नक्कल, तीही सरकवायची. अशा चाळीस. सगळ्या एकामागे एक उभ्या राहिल्या की जाडी दिसते. म्हणजे एक 'चष्मे' पुढे आणि एकोणचाळीस त्याच्या पाठीशी. एवढी माणसं आमच्या लग्नाला नव्हती.

दुपारी तीन. बारा नकला झाल्या. आता बास.

२९ ऑगस्ट
चाळीस झाल्या. त्यातल्या काही वर सरकल्या, काही खाली. लांबून कळत नाही.

उजेडाचा कोन विचारतो. एकमिनिट्या म्हणाला, एकशेवीस द्या, सिंपल. कशाला ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. उजेड डाव्या खांद्यावरून, सावली उजवीकडे. ह्यांनी हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं, आणि दुसरं काही फारसं सांगितलं नाही. मास्तरला शिकवायला कोणी तरी जायला हवं.

१ सप्टेंबर
मशीन रखडतंय. प्रत्येक लेअरसमोर, म्हणजे एकावर एक रचलेल्या प्रत्येक थरासमोर, एक छोटा डोळा असतो. पन्नासेक डोळे सतत आपल्याकडे बघताहेत, मशीन थकणार नाही तर काय. इकडेतिकडे टिचकी मारून पाच-सहा मिटले. लगेच हलकं झालं. हे एकमिनिट्याला सुचलं नव्हतं.

२ सप्टेंबर
आज ग्लो. अक्षराच्या कडेने उजेड फुटतो, त्याला आउटर ग्लो म्हणतात. काल केला होता की आज करायचा होता, नक्की आठवत नव्हतं. पण स्क्रीनकडे पाहिलं आणि खात्री पटली. काय तो ग्लो! अक्षराभोवती दुधी वलय. मास्तरच्या ग्लोला कड आहे, माझा विरघळतो.

झेरॉक्सवालीला बोलावून दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मावशी, झकास. बोलती बंद झाली होती तिची.

४ सप्टेंबर
हल्ली मला सगळीकडे ग्लो दिसतो. ट्यूबलाइटला, स्टीलच्या झाकणाला, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला. हे म्हणायचे, काम मुरलं की नजर तयार होते. माझी दोन आठवड्यांत झाली.

डोळ्यांतून पाणी येतं ते स्क्रीनमुळे. रडण्याचा काही संबंध नाही. ह्यांचं रंग लागलेलं जाकीट खुंटीवरून काढून खुर्चीच्या पाठीला लावलं आहे. पाठीला आधार म्हणून.

६ सप्टेंबर
मुलीचा फोन. कुठवर आलं? म्हटलं, झालंय, फक्त थंड होतंय. ती हसली. दहा महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. मग हळूच म्हणाली, आई, नाही जमलं तरी चालेल गं. म्हटलं, तू खिडकीला पडदा लावू नकोस अजून.

८ सप्टेंबर
फाइल फ्लेक्सवाल्याला दिली. उघडून पाहिली आणि म्हणाला, काकू, एवढीशी? नक्की ना? म्हटलं, इंचाला फूट करून घ्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. आजकालच्या माणसांना मापाची रीत राहिलेली नाही.

९ सप्टेंबर
लागला! ह्यांच्या बोर्डावरच फ्रेम ठोकून वर ताणून बसवला. भर उन्हात चमकत होता. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. ह्यांच्या बोर्डाखाली अशी खूपदा उभी राहिले आहे, पण आज शिडी धरायला नव्हती, हात कुठे ठेवावेत कळेना.

चष्मेवाला बाहेर आला, वर बघितलं, खिशातला रुमाल काढून स्वतःचा चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. म्हणाला, वहिनी, चहा घेणार? भारावून गेला होता.

ठराव: पुढची ऑर्डर शिंप्याची.

१० सप्टेंबर
शिंपी म्हणाला, माझ्याकडे सध्या भिंतच नाही. चार भिंतींच्या दुकानात उभा राहून म्हणाला.

११ सप्टेंबर
चष्मेवाल्याकडे आज गर्दी होती. मी अभिमानाने विचारलं, बोर्डामुळे? तो म्हणाला, हो, त्यामुळेच. दोघं आत येऊन म्हणाले, बाहेरचं अक्षर फुटकं दिसतंय, आमचा नंबर वाढलाय का बघा.

झेरॉक्सवालीला विचारलं, खरं सांग. ती म्हणाली, मावशी, रागवू नका. ग्लो कुठाय?

१२ सप्टेंबर, दुपार
फ्लेक्सवाल्याशी भांडायला गेले. म्हटलं, शाई हलकी वापरलीस, माझा ग्लो खाल्लास. तो बिचारा शांत माणूस. स्टूल दिलं, फाइल उघडली. म्हणाला, काकू, ग्लो तुम्ही दिलाय, पण हा बघा, त्याच्यासमोरचा डोळा मिटलेला आहे. मग तो दिसणार कसा?

त्याने टिचकी मारली. डोळा उघडला. म्हणाला, बघा, आता आला. मला काहीच फरक दिसला नाही. आधी होता तसाच.

मापाचंही सांगितलं. इंचाला फूट कागदावर चालतं, कारण मधली जागा हात भरून काढतो. मशीन काही भरत नाही. आहेत तेवढीच टिंबं ताणतं. एकेक टिंब बोटाच्या नखाएवढं झालंय, काकू.

म्हटलं, आधी का नाही बोललास? तो म्हणाला, तुम्ही दादांची रीत सांगितलीत. दादांच्या रीतीला मी काय नाही म्हणू?

घरी येऊन बसले. दहा दिवस मला दिसत होता तो ग्लो कुठला?

१३ सप्टेंबर
चष्मेवाल्याला सांगून टाकलं, काढा तो. तो म्हणाला, मुलगी पंधराला येतेय ना? तोवर राहू दे. माझं काही अडत नाही. मग माझ्या नाकाकडे बघून म्हणाला, वहिनी, हा चष्मा दादांचा. मीच केलाय, काडीला वळण माझं आहे.

काढून त्याने उजेडात धरला. म्हणाला, काचा चरे पडून कांबळ्यासारख्या झाल्यात, ह्यातून दिवा पाहिला तर सूर्य दिसेल. मला खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. बोर्ड वाचून शिकलेली बाई मी, आणि तिसऱ्या ओळीला अडले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजवा बरा आहे, नुसता नंबर बदललाय. म्हणाला, दिव्याभोवती वलयं दिसत असतील ना तुम्हाला? म्हटलं, मला वाटलं नजर तयार झाली.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१४ सप्टेंबर
मोठ्या डॉक्टरांकडे. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात. बाकी काही नाही. गाळा झाडला. मुलीपुढे बोर्डाची बाजू कशी मांडायची ते ठरवलं. तिला जवळ जाऊ द्यायचं नाही.

१५ सप्टेंबर
सकाळी चष्मेवाल्याने नवा चष्मा हातात दिला. तिथेच मुलगी आणि जावई पोचले. आम्ही तिघं समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. मी अजून चष्मा लावला नव्हता.

मुलीने वर पाहिलं. म्हणाली, आई, छान झालाय गं. लांबून तर फारच. जावयांनी फोटो काढला. म्हणाले, आईंनी कमाल केली. मुलगी म्हणाली, मग ठरल्याप्रमाणे गाळा तुझा.

म्हणजे जिंकले होते. नुसतं गप्प बसायचं होतं.

चष्मा लावला. अक्षरं कसली, न्हाणीघराच्या फरशा. कडेला जिन्यासारख्या पायऱ्या, मागे चाळीस नकलांचा चिखल. मुलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिलाही हे सगळं दिसत होतं.

म्हटलं, बाई, मला दिसतंय आता. ती म्हणाली, बाबांनंतर तू पहिल्यांदा कशाच्या तरी मागे लागलीस, मी काय सांगायचं होतं? मी कनवटीची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. ती घेईना. जावयांच्या हातात ठेवली. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं. शेवटी किल्ली चष्मेवाल्याच्या काउंटरवर पडून राहिली, तिथे तपासायला आलेल्या एकाने विचारलं, ही कोणाची?

मी म्हटलं, माझी होती.

चष्मेवाल्याने फ्लेक्स उतरवला. खाली ह्यांचा बोर्ड, पिवळा, बारा बाय तीन. डायरीतला तोच. शेवटचा. नव्या चष्म्यातून एकेक अक्षर वाचावं तसं पाहिलं. सगळ्या सावल्या उजवीकडे. 'मे'च्या मात्रेची एकटीची डावीकडे, आणि रेघ जरा थरथरलेली.

त्या दिवशी शिडी मीच धरली होती. ह्यांनी वरून विचारलं होतं, कसं दिसतंय? मी म्हटलं होतं, छान झालंय. मला दिसलं नव्हतं, की दिसूनही म्हटलं, ते आता आठवत नाही.

मुलीला सांगितलं नाही. जाकीट घडी करून बॅगेत घातलं. ह्यांचा चष्मा पण.

रात्री. तिच्या घरची खोली बरी आहे. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा दिसतो. उजव्या डोळ्याने पाहिला तर नुसता दिवा. डाव्याने पाहिला तर अजून ग्लो आहे. तोही पुढच्या महिन्यात काढणार आहेत.