डावा स्पीकर मापात कमी

ताई,

तुम्हा दोघांना मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि साडूभाऊंचे मीठ खरोखर बंद आहे की ते तुमची पाठ वळली की घेतात, हे कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. (एक गोष्ट सोडून. ती पुढे येईल.) फोन न करता पत्र लिहितो याचे नवल वाटून घेऊ नये. फोनवर तुम्ही बोलता, मी 'हो' म्हणतो, तुम्ही आणखी बोलता, मी पुन्हा 'हो' म्हणतो, आणि मग तुम्ही ठेवून देता. तुमची बहीण होती तोवर आमच्या घरातले बोलण्याचे खाते तिच्याचकडे होते. माझ्याकडे ते अचानक आले आणि चार्ज देणारे कोणी नव्हते.

परवा भिंगवाल्यांकडे तुमचा निरोप आला. (भिंगवाले म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले. भिंग लावूनच जेवतात असा माझा संशय आहे.) रविवारी टेम्पो येईल, तिची खुर्ची बांधून तयार ठेवावी, भावोजींनी फोनवर हो म्हटलेले आहे, असा निरोप होता. मी हो म्हटले होते, हे मला त्या निरोपावरूनच कळले. बहिणीची एखादी वस्तू आपल्याकडे असावी, ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे. परंतु त्या खुर्चीसंबंधी मधल्या काळात काही गोष्टी घडल्या आहेत, त्या आधी सविस्तर सांगतो.

सुरुवात तुमच्यामुळेच झाली. गेल्या खेपेला दारात चपला घालताना तुम्ही म्हणालात, "घर किती गप्प झालंय हो भावोजी. काहीतरी वाजतं ठेवा." तुम्ही सहज बोलून गेलात. मला मात्र वरिष्ठांनी सांगितलेले काम पुरे करायची सवय आहे. म्हणून मी स्पीकर विकत घ्यायला गेलो.

जन्मभर वजने-मापे तपासण्याच्या खात्यात काढल्यामुळे कोणत्याही दुकानात शिरलो की माझा हात आपोआप वस्तू उलटी करून शिक्का शोधू लागतो. स्पीकरला शिक्का नसतो. दुकानदार फार सोशिक होता. मी तिसरा स्पीकर उलटा केल्यावर त्याने विचारले, "काका, ॲक्टिव्ह बघताय की पॅसिव्ह?" मला दोन्हीही ठाऊक नव्हते, तसे सांगितले. तेव्हा त्याने समजावले की पॅसिव्ह स्पीकर म्हणजे नुसती पेटी. त्याला वाजवण्याचा जोर बाहेरच्या दुसऱ्या यंत्रातून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून, तारेने आणून द्यावा लागतो. ॲक्टिव्हच्या पोटातच तो ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक पेटीला स्वतःचे विजेचे बटण लागते. "थोडक्यात सांगायचं तर काका," तो म्हणाला, "एकाला ताट वाढून द्यावं लागतं आणि दुसरा आपला उठून वाढून घेतो." आमच्या घरात इतकी वर्षे पॅसिव्ह कोण होते, हे तुम्हाला निराळे सांगायला नको.

मला हा विषय फार आवडला, ताई. खरेच सांगतो. पुष्कळ दिवसांत पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट जाणून घेण्यासाठी पहाटे आपण होऊन उठलो. भिंगवाल्यांना विचारले, तर ते कट्टर पॅसिव्हवाले निघाले. त्यांचे म्हणणे, ॲम्प्लिफायर बिघडला तर तेवढाच बदलता येतो, पण ॲक्टिव्ह बिघडला की अख्खी पेटी दवाखान्यात. उलट तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या घरी केर काढताना आधीच अडखळायला होतं, त्यात आणखी वायरी कशाला? ते पोटात असलेलंच घ्या." (त्या आमच्याकडे केर काढत नाहीत. कोणाच्याही घरातल्या केराबद्दल त्यांना मत असते.) शेवटी मीच दुकानदाराला गळ घालून दोन्ही जोड्या परीक्षेसाठी घरी आणल्या.

सोबतच्या कागदावर लिहिले होते की दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. मी टेप काढली, खडूने फरशीवर रेघा मारल्या. आमची बैठकीची खोली तुम्ही पाहिली आहे. माझी खुर्ची डावीकडे कपाटाला चिकटून, आणि तिची माझ्या उजव्या हाताला. त्रिकोणाचे टोक बरोबर तिच्या खुर्चीवर आले. पुन्हा मोजले, पुन्हा तिथेच. त्या खुर्चीत कोणी बसत नाही. तसा काही नियम कोणी केलेला नाही. नुसते बसत नाहीत. म्हणून मी त्रिकोणच सरकवून पाहिला, तर डावा स्पीकर स्वयंपाकघराच्या दारात गेला, आणि पाणी प्यायला जाण्यासाठी मला त्याच्यावरून पाय टाकून जावे लागू लागले. अखेर स्पीकर जागेवर ठेवले आणि मी माझ्याच खुर्चीत बसून ऐकू लागलो.

इथे माझ्या नोकरीने घात केला. ॲक्टिव्ह जोडी लावली, तर डाव्याचा आवाज कमी. मी डाव्याच्या अधिक जवळ बसलेलो, तरी कमी! पॅसिव्ह लावली, तर तिचाही डावाच कमी. मी दुकानात जाऊन रीतसर सांगितले की दोन्ही जोड्यांतला डावा नग मापात कमी भरतो आहे, हे ग्राहकाच्या दृष्टीने बरे नाही. त्याने नग बदलून दिले. नवे नगही डावीकडे कमीच. मग तो स्वतः घरी आला, त्याने उजवा उचलून डावीकडे ठेवला आणि डावा उजवीकडे. आता जो काल कमी होता तो ठणठणीत वाजू लागला, आणि ठणठणीत होता तो कमी पडला. मी म्हटले, "पाहिलंत? दोघंही लबाड आहेत." त्याने पेट्या पुन्हा आपापल्या रेघांवर ठेवल्या. मग आवाज घुमत असेल, जाड पडदे लावून बघा, असे म्हणून चहा न घेता गेला.

पडद्यांचे माप घ्यायला शिवणवाल्या बाई आल्या. मी तेव्हा एका गायिकेचे गाणे लावले होते. बाईंना सुईत दोरा ओवायचा होता, तर मी 'अहो' म्हणायच्या आत त्या सरळ तिच्या खुर्चीत बसल्या. ओवता ओवता थांबल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई! ही तर मधोमध उभी राहून गातेय की."

"कोण?"

"ही गाणारी. दोन्ही डब्यांतून नाही हो येत. ही इथून, त्या कॅलेंडरपाशी. तिथे तर काहीच नाही!"

मी उठून खुर्चीच्या मागे उभा राहिलो, वाकलो, कान लावला. मला सगळे गाणे उजव्या पेटीतून येत होते. कॅलेंडरपाशी नुसते कॅलेंडर होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले, पिशवीतली कात्री काढली आणि माझ्या डाव्या बाजूला जाऊन काहीतरी केले. मग विचारले, "काका, हे ऐकू आलं?" मी म्हटले, "काय?"

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की डावा कान जवळजवळ कामातून गेलेला आहे, आणि आज-काल नव्हे, बहुधा लहानपणीच्या एखाद्या तापात गेलेला असावा. मग त्यांनी विचारले, "इतकी वर्षं घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी म्हटले, घरी मी एकटाच असतो. "आधी?" म्हणाल्या. घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होतो.

ताई, ती कधीही माझ्या डाव्या बाजूला चालली नाही. रस्त्यात वाहनांची बाजू उजवी असली की मी तिचा हात धरून तिला डावीकडे घेत असे, आणि ती माझ्या पाठीमागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे येत असे. समारंभात माझ्या उजवीकडच्या माणसाला उठवून ती तिथे बसे, आणि मी शरमेने चूर होई. जेवणाच्या टेबलाशी तेच. (इतर तपशील लिहीत नाही.) एकदा मी चिडून कारण विचारले, तर म्हणाली, "माझी डावी बाजू फोटोत चांगली येते. म्हटलं तुम्हालाही तीच दिसावी." मी ते खरे मानले. जन्मभर दुसऱ्यांचे तराजू तपासले, आणि हे मानले.

स्पीकर अजून ठरलेले नाहीत. दोन्ही जोड्या खडूच्या रेघांवर उभ्या आहेत. साडूभाऊंना माझा नमस्कार सांगावा, आणि गुडघ्याला जपावे.

तुमचा,
भावोजी

ता. क. रविवारी टेम्पो पाठवू नये, ही विनंती. त्याऐवजी तुम्हीच या. तिच्या खुर्चीत बसा आणि दोन्ही जोड्या ऐकून सांगा की गाणारी बाई कॅलेंडरपाशी कोणत्या जोडीत अधिक नीट उभी राहते. या परीक्षेला दोन कान लागतात. खुर्ची मात्र जिथे आहे तिथेच असावी लागते; हलली तर त्रिकोण बिघडतो.

ता. क. दुसरे. उजवा हात टिपणासाठी मोकळा राहावा म्हणून फोन डाव्या कानाला लावायचा, ही मला कचेरीतली सवय. तेव्हा कृपया तिच्या माघारी फोनवर मी म्हटलेले सर्व 'हो' रद्द समजावेत. साडूभाऊंबरोबर रोज सकाळी पोहायला जाण्याचेही मी कबूल केले आहे, असे भिंगवाले सांगतात.

ता. क. तिसरे. तुम्ही तिला लहानपणापासून पाहिले आहे, म्हणून विचारतो. तिची डावी बाजू खरोखरच जास्त चांगली होती का? उजवी माझ्या फारशी पाहण्यात आली नाही. फोन केलात तरी चालेल. आता मी तो उजव्या कानाला लावीन.