गप की मल्ल्या

४ जाने., रविवार
मल्लूचा रिपोर्ट आला. आवाज बसलाय, बसलाय म्हणत तीन महिने खडीसाखर चघळली गड्यानं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, जीव वाचेल, पण घशातली आवाजाची पेटी काढावी लागणार. ऑपरेशन २४ला. त्यानंतर आवाज नाही. कुजबुजसुद्धा नाही.

बाहेर येऊन रिक्षात बसला आणि म्हणाला, "चला, पॅशिंजरची कटकट मिटली." मागच्या सीटवर मी आणि रफिक. कुणी हसलं नाही. वीस वर्षं कुंभारी-सोलापूर रिक्षा मारतोय, मान मागं वळवून बडबडत. घरी कानडी, रस्त्यात मराठी, रफिकशी दखनी. तोंडाला कुलूप कसलं ते माहीत नाही याला. आणि नेमकं यालाच.

५ जाने.
दुकानात लक्ष नाही. एका बाईंना साडेतीन मीटर हवं होतं, अडीच कापलं. मालकांनी कात्री काढून घेतली.

घरी येऊन फिल्मा उघडल्या. आम्हा तिघांच्या भटकंतीच्या आजवरच्या चौदा, सगळ्या माझ्या मोबाईलवर केलेल्या. हिप्परगा तलाव, नळदुर्ग, अक्कलकोट. म्हटलं, मल्लूचा धडधाकट आवाज तरी ऐकू. सगळ्यांत तो आहे. हात उडवतोय, तोंड उघडं, काहीतरी रंगात येऊन सांगतोय. आणि वर गाणं.

चौदाच्या चौदा. मीच केलं. क्लिप आत घेतली की पहिलं काम आवाज बंद, मग गाणं लावायचं. वारा घोंघों करतो म्हणून. खरं लिहू? वाऱ्यामुळं कमी, मल्लूमुळं जास्त. शॉट छान लागला की हा मधे तोंड घालणार. मूळ क्लिपा फोन भरतो म्हणून पुसल्या. कापड कापताना दोनदा मोजतो मी, इथं एकदाही नाही. गाढव. दुसरा शब्द नाही.

६ जाने.
ठरलं. २४च्या आत एक फिल्म करायची. गाणं नाही, एकसुद्धा नाही. मल्लूचा आवाज, आत्ता आहे तसा. रफिकच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन सांगितलं. म्हणाला, "हौ, करेंगे. पर वो मानेगा क्या?"
मानेल की. न मानून जातो कुठं.

९ जाने.
मानत नाही.
कुंभारीला गेलो होतो. अंगणात बसलेला, रिक्षावर कव्हर. मी सांगितलं तसा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दिल्या, चौदा बारीला माझं तोंड बंद केलास. आता फाटका आवाज ठिवणार व्हय?"
म्हणजे माहीत होतं त्याला. कधी बोलला नाही.
मला राग आला, आलेला माझाच, काढला त्याच्यावर. "राहू दे तर मग, बस असाच," म्हणून उठलो. फाटकापाशी महादेवीवहिनी आल्या. "भावजी, रागवू नगा. घरात बी बोलंना झाल्यात. पोरीचा फोन आला तर माझ्याकडं देत्यात." शहाणा आता आहे तो आवाजही जपून ठेवतोय. कशासाठी बे?

१३ जाने.
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. नव्या पेठेत, आमच्या दुकानात, पाय ठेवायला जागा नाही. मल्लू नाही म्हणू दे, फिल्म होणारच. मालकांकडं रविवार मागितला. "यात्रेत सुट्टी?" म्हणाले. म्हटलं, द्या, नाहीतर सोमवारपासून येत नाही. स्वतःलाच दचकलो. दिली.

रफिकनं छोटा माईक आणलाय. वाऱ्याचं काय? सौ.नं माळ्यावरची जुनी घोंगडी काढली, तिचा वीतभर तुकडा कापून माईकला गुंडाळला. पंख्याखाली बोलून बघितलं. वारा गायब. एवढी वर्षं ही घोंगडी डोक्यावर होती आणि मी गाणी लावत बसलो.

१५ जाने.
मल्लूला फिल्मचं नाव नाही काढलं. फोन करून म्हटलं, रविवारी तुझ्या भावाच्या रानात हुरड्याला येतोय. नाही म्हणता येत नाही त्याला, हुरड्याला कुणी नाही म्हणत नाही. लबाडी आहे. असू दे.

१८ जाने., रविवार
लिहिताना हात थांबेना.

आगटी पेटलेली, कणसं भाजतायत, शेंगाचटणी, दही. मल्लू गोणपाटावर गप्प. रफिकनं शेजारी माईक ठेवला तसा त्यानं बघितला आणि तोंड फिरवलं. अर्धा तास गेला. मी मनात म्हटलं, झालं, हरलो.

मग ज्वारीवर पाखरं उतरली. त्याचा धाकटा भाऊ आगटीपासूनच "हाऽ हाऽ" करायला लागला. पाखरं ढिम्म. मल्लूला बघवेना. उठलाच. "आसं हाकारत्यात व्हय? लाडात बोलावतोय जनू! दे गोफण हिकडं."

आणि बांधावर उभं राहून हाळी दिली. "हाऽऽऽ हुर्रर्र हाऽऽऽ!" मधे फाटली. पहिला भाग खरखरीत, मधे नुसता वारा, शेवट पुन्हा वर चढला. सगळी पाखरं एकदम उठली. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या.

परत येऊन बसला, धापा टाकत. माईककडं बोट. "चालू हाय का त्ये?"
"चालू आहे."
"मग ऐक."

चाळीस मिनिटं बोलला. हुरडा कसा चोळायचा, पहिली पॅशिंजर कोण, लग्नात कानडी उखाणा घेताना कसा अडकला. मधे मधे आवाज जायचा, पाणी प्यायचा, पुन्हा सुरू. मी हूं का चूं केलं नाही. रफिक रडला, वर धुरावर ढकललं. मी पण रडलो, मी धुरावर नाही ढकललं.

२० जाने.
रफिकचा दुकानात फोन. "बे, आ जल्दी." त्याच्या बायकोच्या जुन्या मोबाईलमध्ये क्लिप सापडली. अक्कलकोटला गेलो त्यावेळची, मी चुकून तशीच कच्ची पाठवलेली. अकरा सेकंद. मल्लूचा जुना आवाज! घंटेसारखा खणखणीत. "दिल्या, एक सांगू का तुला, लई दिस झालं मनात हाय–"
लगेच माझा आवाज. "गप की मल्ल्या! शूटिंग चालूय."
क्लिप संपली.

जे वर्षानुवर्षं शोधतोय असं वाटत होतं ते सापडलं, आणि त्यात मीच. रफिक म्हणाला, तुझा आवाज उडवतो, दोन मिनिटाचं काम. नको म्हटलं.

२२ जाने.
फिल्म मल्लूला दाखवली. सुरुवातीला ती अकरा सेकंद, मग हुरडा. माझा "गप की" आला तसा मी खाली बघत बसलो. तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. पुन्हा लाव म्हणाला. चारदा लावली.
मी म्हटलं, "मल्ल्या, चुकलो रे."
"व्हय की. चुकलासच."
"काय सांगणार होतास त्या दिवशी?"
गालात हसला. "लक्षात हाय. आपरेशन झाल्यावर लिवून दावतो."
"आत्ता सांग की."
"न्हाय. मला चौदा फिल्मा थांबवलास. आता तू थांब."
लई खट. घरी जाईपर्यंत शिव्या घातल्या त्याला.

२४ जाने.
साडेपाच तास. पेटी काढली. गळ्यात श्वासाला भोक, नाकात नळी. पुढचा तपासणीचा रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी, त्यावर पुढचं. वहिनी माझ्या मोबाईलवर ती हाळी ऐकत बाकड्यावर बसल्या होत्या, कानाला लावून.

२ फेब्रु.
रिपोर्ट अजून नाही. मल्लूला आज उठवून बसवलं. नव्या पेठेतनं पाटी-पेन्सिल घेऊन गेलो. मांडीवर ठेवली. मोबाईल खिडकीत उभा केला, घोंगडीवाला माईक पाटीजवळ.

डोळे खोल गेलेत. बघवेना, म्हणून मी बोलत सुटलो. यात्रा कशी झाली, मालक काय म्हणाले, रिक्षाचं कव्हर उडालं होतं ते रफिकनं बांधलं, डॉक्टर चांगले आहेत, रिपोर्ट चांगलाच येणार, नळी निघाली की आमटी, मग हिप्परग्याला जाऊ, मग... थांबताच येईना.

मल्लूनं पाटी उचलली. दोन शब्द लिहून माझ्याकडं फिरवली.
गप की.

गप झालो. त्यानं तळहातानं पाटी पुसली, पेन्सिल नीट धरली आणि पुन्हा लिहायला घेतलं. "दिल्या, एक" एवढं दिसलं, मग त्यानं पाटी छातीकडं तिरकी केली. मोबाईल चालू होता. पेन्सिलीचा कर्रकर्र आवाज आलाय, स्पष्ट. तो काढणार नाही.