ईवनचा रोजचा किल्ट

साउथ यूइस्ट,
५ नोव्हेंबर

प्रिय उना,

तुझं पत्र पोचलं. तुला आता सिस्टर म्हणायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण जिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या तिला सिस्टर म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमच्या मठाच्या मदर हे पत्र आधी उघडून वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार. मी बरी आहे. मेंढ्या बऱ्या आहेत. वारा नेहमीचाच. अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजव्याचं पुढे सांगते.

तू दोन गोष्टी विचारल्यास. ईवनला घरीच सांभाळणार की समुद्रापलीकडच्या त्या शुश्रूषागृहात पाठवणार, काय ठरलं? आणि त्याचा तो भांगेच्या सुताचा, कमरेला गुंडाळायचा चुणीदार किल्ट रोजच्या वापराला कसा निघाला, कारण मठात बागकामासाठी तसल्याच कापडाचे झगे शिवायचं चाललंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देते.

कापड घ्या. डोळे मिटून घ्या. पहिल्या दिवशी ते ताडपत्रीसारखं कडक लागेल आणि तुमच्यातली एखादी नाक मुरडेल. तिला म्हणावं, धूत राहा. दर धुण्याला ते मऊ होत जातं, आणि मऊ झालं तरी विरत नाही.

ईवनला लोकर कधीच सोसली नाही, हे तू बघितलंच आहेस. आमच्या लग्नात वडलांचा लोकरी किल्ट नेसून उभा राहिला आणि फादर प्रार्थना म्हणत असताना सारखा मांड्या खाजवत होता. आई माझ्या कानात म्हणाली, "पोरी, नवरा पळायच्या बेतात दिसतोय." जन्मभर मी इतरांच्या लग्नांचे लोकरी किल्ट शिवले आणि घरचा माणूस जाड पँटीत घामेजत फिरला. हे कापड मिळालं तेव्हा पहिला त्याचाच बेतला.

तो नेसून ईवन धक्क्यावर गेला त्या दिवशी शेजारच्या आर्चीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे ईवन, हा नेसायचा की चिलमीत भरून ओढायचा? चुलीपासून लांब बस हो. तू पेटलास तर अख्खं गाव दोन दिवस हसत बसेल."

ईवन म्हणाला, "मग तू बस की जवळ. तुझं तोंड हसरं झालेलं तुझ्या बायकोला एकदा तरी बघू दे."

त्यानंतर रोज तोच किल्ट. गोठ्यात तोच, होड्यांच्या शेडमध्ये तोच, रविवारी चर्चला जातानाही तोच. एकदा कुंपणाच्या काटेरी तारेत अडकला, तर तार वाकली. पावसात चिंब भिजून आला की चुलीजवळ टांगायचा, जेवण होईतो वाळलेला. आणि वास धरत नाही. ईवनला यायचा, किल्टला नाही. मागे चुण्यांचा थर असल्यामुळे ओल्या दगडावर बसलं तरी गारठा लागत नाही. मी त्याला एक मोठा खिसा लावला होता, दोरी आणि चाकू ठेवायला. तुमच्या झग्यांनाही खिसे लावा. देव काही खिशांवर रागवायचा नाही.

आजारपणातही तो सोयीचा, हे मला नंतर कळलं. पँटीत कोणता पाय कुठे घालायचा हेच ईवनला उमजेना. तो चिडायचा, मी वाकून वाकून दमायचे. किल्ट नुसता कमरेभोवती फिरवायचा आणि बाजूचे दोन पट्टे आवळायचे. निजलेल्या माणसालाही नेसवता येतो. त्या शुश्रूषागृहात सगळ्यांचे कपडे एकत्र, उकळत्या पाण्याच्या यंत्रात धुतात. शर्टावरून घालायचे त्याचे लोकरी स्वेटर तिथे बाहुलीला बसतील एवढे होऊन बाहेर आले असते. ते मी घरीच ठेवले. किल्टच्या पट्टीवर तेवढं नाव शिवलं.

म्हणजे तुला कळलंच असेल. पाठवलं त्याला. सप्टेंबरात. तुला आधी कळवलं नाही, कारण तू प्रार्थनेला बसली असतीस आणि मी उत्तराची वाट बघत राहिले असते.

एका सकाळी मी त्याच्यापुढे लापशी ठेवली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कोण? माझ्या घरात काय करताय?"

म्हटलं, "लापशी करतेय, ईवन. खा, निवतेय."

"माझी बायको येईल इतक्यात. तिला हे आवडायचं नाही. तुम्ही निघा." त्याने मला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. रागाने नाही गं, परक्या बाईला काढावं तसं. मी पायरीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. त्याने आतून कडी लावली आणि खिडकीत उभा राहून वाट बघू लागला. माझीच.

मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. हात मांडीवर घेऊन मी अंगणातल्या कोंबड्या बघत बसले. आर्ची गाडी घेऊन आला, डॉक्टर आले, त्या शुश्रूषागृहात जागा मिळाली, मी सही केली. सगळे म्हणाले, कर्स्टी किती धीराची. धीर वगैरे काही नव्हता. आत काही हललंच नाही, अजून हलत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याला परत आणायला गेले होते. हे कोणालाच सांगितलेलं नाही. मनात आलं, पुन्हा ढकलेल तर ढकलेल, निदान आपल्या पायरीवरून ढकलेल. त्याचा जाड कोट घेतला आणि सकाळची बोट धरली.

तिथल्या मुख्य बाई, मिसेस रॅन्किन, दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमच्या मालकांनी काय मांडलंय ते बघा आधी."

ईवन खोलीत गुडघ्यांवर बसला होता. किल्टच्या काठाची झालर जवळजवळ संपली होती. तिथला एकेक धागा ओढून तो मांडीवर वळत होता आणि चमच्याच्या दांड्याने जमिनीच्या फळ्यांमध्ये ठासत होता. होडीच्या फळ्यांमधल्या फटींत असाच भांगेचा पिळा ठोकण्यात त्याचा जन्म गेला. खिडकीची चौकट बुजवून झाली होती, दाराकडची बाजूही झाली होती. आणि काम इतकं नेटकं की एक धागा वर आलेला नाही.

"झाडणारी बाई कुरकुरते," मिसेस रॅन्किन हळूच म्हणाल्या, "पण खोली खरंच उबदार झालीय हो."

त्या गेल्यावर मी पलंगावर बसले. त्याने मान वर केली. "दार लावा. वारा येतोय." मी लावलं. मग त्याने मला सगळं समजावून सांगितलं, नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा तसं. इथून पाणी येत होतं, इथे फळी आकसली होती. त्याचा आवाज उन्हाळ्यापासून मी इतका शांत ऐकला नव्हता.

म्हटलं, "ईवन, घरी यायचं का?"

त्याने खोलीभर नजर फिरवली. "एवढं अर्धं सोडून?" तो म्हणाला. "बुडेल की, बाई."

मी कोट खुंटीला अडकवला आणि परत फिरले.

येताना बोटीवर तिकीटवाल्याने विचारलं, "ईवन दिसला नाही बऱ्याच दिवसांत. कुठंय?"

मी म्हटलं, "घरी."

"बरंय मग," म्हणून तो पुढे गेला. घरी म्हणजे कुठलं, ते सांगायला मी त्याला थांबवलं नाही. बोट तर मला घरी नेत होती, आणि चूल सकाळीच विझवून आले होते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे, उना. माझ्यासाठी प्रार्थना नको, ती ईवनसाठी कर. मला अजून रडू आलेलं नाही. तुमच्याकडे रडायला मनाई नसेल तर माझ्या वाटचं थोडं तू रडून घे, आणि झालं की मला कळव. कोणीतरी रडलंय एवढं तरी कळू दे.

तुझी थोरली,
कर्स्टी