एलेकाना चांगल्या वळणाचा ठरला त्याची हकीकत

ती. सिनिवाताईला मालामाचा नमस्कार.

तू पाठवलेलं पिंप पोचलं. आत निघालं ते असं : मासळीच्या डब्यांची दोन खोकी (चेपलेला डबा आधी खाऊन टाकला), साबणाच्या बारा वड्या, माझा पांढरा झगा, ह्यांचा शर्ट आणि गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून एलेकानासाठी कानांवर लावायची झाकणं. बंदरातून सोडवायला जकातीचे पंचाऐंशी ताला मोजावे लागले, ते लिहून ठेवलेत, मागत नाही. झाकणं सध्या हे वापरतात, सासूबाई बोलायला लागल्या की. तुझे गुडघे कसे आहेत? ऑकलंडच्या थंडीत भावोजींची साखर उतरली का? आम्ही इथे सवाई बेटावर प्रभूच्या दयेने उभे आहोत.

आता राजधानीची, अपियाची हकीकत. एलेकाना सात वर्षांचा झाला तरी कुणाला हाक मारत नाही, मलासुद्धा नाही. ऐकलेलं मात्र जसंच्या तसं म्हणून दाखवतो. जरा नजर हटली की समुद्राकडे चालू लागतो आणि पाणी गळ्याशी आलं तरी थांबत नाही. दोनदा होडीवाल्यांनी आणून दिला. (आपल्या घरांना भिंतीच नाहीत, दार कुठलं लावू?) हेडमास्तर म्हणाले, हा ऑटिझम असावा, तसा डॉक्टरांचा कागद आणा, म्हणजे अपियाच्या खास शाळेत घेतील. तिथे कुंपण आहे आणि असल्या मुलांना शिकवणाऱ्या बाया आहेत. तपासणारे डॉक्टर न्यूझीलंडहून वर्षातून एकदाच येतात. गेल्या वर्षी वादळामुळे आपली बोटच सुटली नाही, म्हणून आणखी एक वर्ष देवाचं नाव घेत काढलं.

हे आमच्या पाळकांच्या पत्नीला, पाळकबाई तोआसेंना कळलं. "मालामा, परक्या डॉक्टरांपुढे पोराला असंच नेणार? गावाची शोभा करशील!" असं म्हणून त्यांनी त्याला हाताखाली घेतलं. मुलांच्या रविवारी पांढऱ्या कपड्यांत वचनं म्हणायला पोरांना बसवतात ना, तसंच रोज संध्याकाळी बसवलं. जमिनीवर मांडी घालायची, नमस्कार म्हणायचा, मोठ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, विचारल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. एलेकाना सगळं शिकला. (माझी थोरली पोरगी एवढं कधी शिकली नाही.) मलाही अभिमान वाटला, मी त्याचे केस दोनदा कापले.

यंदा बोट सुटली, पाळकबाईंसकट आम्ही अपियाला पोचलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वभावाने गोड. दुभाषी म्हणून एक नर्स होती, ती शेजारच्या गावची, म्हणजे आपल्या गायनमंडळाला दरवर्षी हरवणाऱ्या गावची. बाईंनी बाहुली मांडली, मातीचा केक केला आणि म्हणाल्या, बाहुलीचा वाढदिवस आहे, आता काय करायचं? एलेकानाने डोळे मिटले आणि आमच्या पाळकांची जेवणापूर्वीची अख्खी प्रार्थना म्हटली, त्यांच्याच आवाजात, मधल्या खोकल्यासकट आणि चर्चच्या छपरासाठी वर्गणीच्या विनंतीसकट. नर्सने शेवटी आमेन म्हटलं. बाईंना वाटलं, काय कल्पनाशक्ती आहे! डोळ्यांत का बघत नाही असं त्यांनी विचारताच नर्स म्हणाली, "बघणार कसा? चांगल्या घरचा आहे." बाईंच्या कागदावर तीही खूण 'ठीक'च्या रकान्यात गेली.

मग बाईंनी मला विचारलं, घरी काही अडचण? आता तूच सांग ताई, एका बाजूला पाळकबाई, एका बाजूला हे, समोर शेजारच्या गावची बाई. तिथे स्वतःच्या पोराचं गाऱ्हाणं कसं सांगायचं? मी म्हटलं, नाही हो, देवाची कृपा आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा कृपाच म्हटली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "एकदा तरी खरं बोलायचं होतंस!" मी म्हटलं, "तुमची जीभ कुठे गेली होती?" तर म्हणे, "मी? पाळकबाईंदेखत?"

कागद आला. ऑटिझम नाही, मूल शांत व सुसंस्कृत. पाळकबाईंनी तो चर्चमध्ये वाचून दाखवला, लोक रडले. हेडमास्तर रडले नाहीत. "म्हणजे पोरगा धडधाकट आहे आणि मुद्दाम करतो," म्हणाले आणि सोमवारपासून छडी सुरू झाली. एलेकाना रडत नाही. छडीबरोबर हेडमास्तर जे बोलतात तेच त्यांच्या आवाजात म्हणतो, मग आणखी दोन बसतात. डॉक्टर पुढच्या वर्षी येतील. मधल्या वर्षाचं काय करायचं ते प्रभू जाणे.

बाकी सर्व क्षेम. लेकरांना पापे.

तुझी
मालामा

ता. क. साबण फार वासाचा आहे, पुढच्या वेळी साधा पाठव.

ता. क. पुन्हा : साबणासाठी पत्र लिहिलं नाही. ताई, एलेकानाला तू घे. बहिणीचं मूल वाढवणं आपल्यात नवं नाही, तुला थोरल्या मावशीनेच वाढवलं. तुझ्याकडे भिंती आहेत, दाराला कडी आहे, डॉक्टर बारा महिने आहेत. तिथे त्याला काही शिकवून नेऊ नकोस. जसा आहे तसा ने आणि विचारतील ते सगळं खरं सांग. तहान लागली तरी तो मागत नाही, पाणी जवळ ठेवून पाठ फिरवायची, मग पितो. झोपताना त्याचा पाय फडक्याने आपल्या पायाला बांधायचा, म्हणजे तो उठला की आपल्याला कळतं. फडकं मऊ घे.

ता. क. शेवटचा : ह्यांना वाटतंय मी साबणाचंच लिहितेय. घेणार नसलीस तरी राग नाही. पण हो की नाही ते परतीच्या टपालाने कळव, आणि फक्त माझ्या नावावर.