उतरत्या खांद्याचा कोट

मी, लेनर्ड अर्नेस्ट पॉमफ्रेट, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार वॉल्थमस्टो, लंडन, धंद्याने कटिंग मास्तर (आता निवृत्त), हे मृत्युपत्र दुकानातून आणलेल्या छापील फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. हाताबद्दल तसे म्हणता येत नाही, म्हणून अक्षर असे आले आहे. कोणी दटावलेले नाही, कोणी चहा पाजून गोड बोललेले नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. डॉक्टर ईस्टरच्या सणापुढचे काही बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी ब्रेंडा हिला द्यावे. तिची आई ईडी गेल्यापासून दर रविवारी ती येते, माझ्या कॉलरला इस्त्री करते आणि वाईट करते, पण करते. तिचा नवरा कीथ याने माझ्या कामाच्या खोलीत व्यायामाची सायकल ठेवू नये. ही अट नाही, विनंती आहे. कीथ विनंतीला मान देत नाही हे मला ठाऊक आहे.

कलम २. मला राखाडी फ्लॅनेलच्या सूटमध्ये पुरावे, काळ्या नव्हे. काळा मी दुसऱ्यांच्या अंत्यविधीसाठी शिवला होता. कोपरावर रफू आहे ते तसेच राहू द्यावे, ते मी केलेले आहे आणि चांगले झालेले आहे. कोटाचे खालचे बटण उघडे ठेवावे. दफन करणारा माणूस सगळी बटणे लावतो असा माझा अनुभव आहे.

कलम ३. कलम पाचमधला तपकिरी सोडून उरलेले सहा सूट, दोन ओव्हरकोट आणि बूट बोचके बांधून दानाच्या दुकानात टाकू नयेत. हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या आमच्या बोल्स क्लबातल्या मंडळींना एका शनिवारी घरी बोलवावे आणि ज्याला जो कोट खांद्यात बसेल त्याने तो न्यावा. कंबर सैल करता येते, बाही आखूड करता येते, खांदा मात्र मुळात बसावा लागतो. नेणाऱ्यांनी माझ्यासारखे दिसण्याचा प्रयत्न करू नये. त्याचे कारण सांगतो.

एकविसाव्या वर्षी एका उमरावाचा मोठ्या चौकड्यांचा कोट मी आमच्या दुकानात पाहिला आणि तुकडे जमवून तसाच स्वतःसाठी शिवला. वर लाल रुमाल खोचला. ईडी तेव्हा बटणांच्या दुकानात कामाला होती. मला पाहून म्हणाली, "आज कुठला घोडा जिंकणार ते सांगून टाका की." तसले कपडे शर्यतीच्या मैदानावर पैजा घेणारे घालत. आठवडाभर मी त्या दुकानावरून गेलो नाही. मग रुमाल गेला, चौकडे गेले, टोकदार बूट गेले. दहा वर्षांनी राखाडी फ्लॅनेल, निळा विणलेला टाय आणि सरळ घडीचा पांढरा रुमाल एवढे उरले, आणि तो मी होतो. स्वतःचा पेहराव कोणी विकत आणत नाही. एकेक चूक अंगावर वागवत माणूस तिथवर पोहोचतो. पस्तीस वर्षे मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, "साहेब, घाई नको, तुमचं काय ते तुम्हालाच सापडेल." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ते कसे, ते कलम सहामध्ये येईल.

कलम ४. माझी मोठी कात्री आंद्रुला हाजिलुका हिला. ती सायप्रसहून आली तेव्हा तिला इंग्रजीत फक्त आकडे येत होते, आणि पहिल्या महिन्यात तिने केलेली काजे पाहून मी माझी काजे लपवली. सव्वीस वर्षे तिने मी बेतलेल्या पँटी शिवल्या. तिला बेतायला बसू द्यावे असे मी दोनदा मालकांना सुचवले, तिसऱ्यांदा सुचवायला हवे होते. कात्री तिने कोणालाही उसनी देऊ नये, स्वतःच्या भावालासुद्धा नाही.

कलम ५. श्री. गॅदरकोल, माजी मुख्य कटर, यांना माझा तपकिरी सूट. १९६१ साली मी बेतलेला एक कोट त्यांनी मालकांसमोर स्वतःचा म्हणून मिरवला आणि मुख्य कटर झाले. हा तपकिरी सूट मात्र खरोखरच त्यांनी बेतलेला आहे. मला तो कधीच बसला नाही.

कलम ६. माझा मुलगा क्लाइव्ह याला गडद निळ्या कापडाचा एक कोट. कामाच्या खोलीत पुतळ्यावर आहे, अजून कच्च्या टाक्यांत.

क्लाइव्ह नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडला. गळपट्टीचे हाड नीट जुळले नाही आणि डावा खांदा जवळजवळ एक इंच उतरला. तेव्हापासून त्याचे शाळेचे जाकीट असो की नाताळचा कोट, मी डावीकडे जास्तीचा कापूस भरला आणि दोन्ही खांदे सारखे दिसतील असे केले. तो आरशासमोर उभा राहिला की म्हणायचो, "खांदा उचल." आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या अंगातली खोड त्याच्या कागदी नमुन्यावर खुणेच्या अक्षरांत लिहितात, म्हणजे त्याने चुकून पाहिले तरी कळू नये. पोरगा माझ्या मांडीवर बसून ती अक्षरे शिकला होता हे मी विसरलो.

१९७५ साली लग्नाच्या सूटच्या ट्रायलला तो आणि त्याची होणारी बायको जेनेट दुकानात आली. त्याने खुंटीवरचा स्वतःचा नमुना पाहिला आणि वाचला. मी तोंडात टाचण्या धरून म्हणालो, "काळजी नको, फोटोत कोणाला कळणार नाही."

तो म्हणाला, "बाबा, हिला कळलेलंय. आईला कळलेलंय. कळू नये असं फक्त तुम्हालाच वाटतं."

कोट काढून त्याने खुर्चीवर ठेवला. लग्नात तयार कपड्यांच्या दुकानातले जाकीट घालून उभा राहिला. डावी बाही बोटांपर्यंत आली होती आणि तो हसत होता. मी केक कापण्याआधी निघून आलो. बाहीमुळे निघून आलो, मुलाच्या लग्नातून. एकोणीस वर्षांत नाताळची कार्डे सोडली तर आमच्यात काही झाले नाही. प्रत्येक परक्या माणसाला मी त्याचे रूप शोधू दिले, आणि माझ्या मुलाला माझे घालायला लावले. याची मला लाज वाटते, आणि ती इथे सहीनिशी लिहून ठेवतो.

हा कोट कापसाशिवाय बेतला आहे. डावा खांदा जसा आहे तसा. माप आठवणीतून घेतले. त्याने तो कोणाकडूनही पुरा करून घ्यावा, किंवा घेऊ नये.

एवढे मंगळवारी लिहून झाले. खालचे गुरुवारी, सही करण्याआधी लिहीत आहे.

आज अकराला दोन साक्षीदार यायचे होते. शेजारच्या मिसेस पेटल ब्रॅथवेट वेळेवर आल्या. त्या जन्मभर नर्स होत्या आणि वेळ पाळतात. बोल्स क्लबाचे सेक्रेटरी डिलवर्थ तापाने पडले. त्यांच्याऐवजी दारात क्लाइव्ह उभा. ब्रेंडाने त्याला माझ्या तब्येतीचे फोनवर सांगितले होते. लोस्टॉफ्टहून पहाटेच्या गाडीने आला. तिथे तो शाळेत सुतारकाम शिकवतो. अंगात जुने कॉर्डरॉयचे जाकीट, खिशात पेन्सिल, गळ्यात मोहरीच्या रंगाचा मफलर. सगळे वापरून मऊ झालेले, आणि सगळे त्याचे. मला त्यात एकही गोष्ट बदलावीशी वाटली नाही.

तो टेबलाशी बसला आणि कागद वाचू लागला. मी अडवले नाही. कलम सहा त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

मग म्हणाला, "दुसरा साक्षीदार कुठंय?"

"आजारी आहे."

"मग मी सही करतो."

"अरे, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कायदाच आहे तसा. कोट जाईल तुझा."

"वाचलंय मी ते फॉर्मच्या मागे." त्याने मफलर काढला. "आणि तुम्ही गेल्यावर ट्रायल कोण घेणार माझी? द्यायचाय तर आत्ता द्या."

मिसेस ब्रॅथवेट म्हणाल्या, "मिस्टर पॉमफ्रेट, पोरगं पहाटेपासून प्रवासात आहे. घाला त्याला तो कोट एकदाचा, मी चहा ठेवते."

आम्ही कामाच्या खोलीत गेलो. त्याने कोट चढवला आणि आरशासमोर उभा राहताच, सवयीने, डावा खांदा वर घेतला. एवढ्या वर्षांनंतर, माझ्या समोर.

"नको," मी म्हणालो. "जसा उभा राहतोस तसा राहा."

त्याने खांदा सोडला. कोट बसला नाही. पाठीत ओढत होता, पोटावर मिटत नव्हता, आणि उतरता खांदासुद्धा माझ्या आठवणीपेक्षा अर्धा इंच वर होता. चोवीस वर्षांचा सडपातळ मुलगा मी बेतला होता. समोर त्रेचाळीस वर्षांचा माणूस होता, त्याला मी कधी मापलेच नव्हते.

"खूप बिघडलंय का?" त्याने विचारले.

"सगळंच उसवायला लागेल."

"मग उसवा."

खडू हातात राहीना, म्हणून मी बोटाने दाखवत गेलो आणि रेघा त्यानेच स्वतःच्या अंगावर ओढल्या. सुताराचा हात आहे, रेघ सरळ येते. बाह्या काढून ठेवल्या आहेत. शिवण्याचे काम आंद्रुला करील, मी शेजारी बसून चुका काढीन.

म्हणून सर्व संबंधितांस कळावे की कलम सहा मी खोडत नाही. कायद्याने ते निष्फळ होईल ते होऊ द्यावे. पुढची ट्रायल येत्या गुरुवारी अकरा वाजता आहे, त्यानंतरची त्याच्या पुढच्या गुरुवारी, आणि क्लाइव्हने जाताना ईस्टरनंतरचाही एक गुरुवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. तो डॉक्टरांना मान्य नाही. मला मान्य आहे.

वॉल्थमस्टो, लंडन
गुरुवार, १० मार्च १९९४

(सही) ले. अ. पॉमफ्रेट

वरील सही आम्हा दोघांच्या देखत, एकाच वेळी, एकाच खोलीत झाली.

साक्षीदार १: (सही) पेटल ब्रॅथवेट, निवृत्त नर्स, शेजारीण
साक्षीदार २: (सही) क्लाइव्ह पॉमफ्रेट, शिक्षक, मुलगा