वाकड्या झाडाखालचं स्टूल

नदीकाठ, ४ जुलै १९६८

ती. मेव्हिसमावशीस,
शेरिलचा सा. न. वि. वि.

तुझ्या नॉर्मन्टनपासून साठ मैलांवर आमच्या गाडीचा ॲक्सल मोडला आणि आम्ही तिघं नदीकाठी अडकून पडलोय. नवा ॲक्सल टपालाच्या ट्रकने सोळा तारखेला येईल. ट्रेव्हर गाडी सोडून हलायला तयार नाही आणि मी ट्रेव्हरला सोडून. हस खुशाल. मैत्रीण डॉट म्हणते, दोघांनी लग्न करून टाका, म्हणजे मला तरी इथून जाता येईल.

जागा मात्र छान आहे. खालच्या सपाट दगडावरून ट्रेव्हर रोज सकाळी सहाला दोन बादल्या पाणी आणतो. घड्याळ लावून घ्यावं इतका नेमाचा माणूस! पुरुषांना शिस्त नसते म्हणायचीस ना?

उत्तर टपालवाल्या क्लॅरीच्या ट्रकबरोबर मंगळवारी पाठव.

तुझी लाडकी,
शेरिल

नॉर्मन्टन, ८ जुलै

चि. शेरिल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हातातला चहा सांडला. त्या ट्रेव्हरला सांग, शिस्त शहरात दाखव म्हणावं. मगर पहिल्या दिवशी येत नाही. ती बघत राहते. तुमची जागा आणि वेळ पाठ झाली की मग येते, आणि येताना पाणी हलतसुद्धा नाही. पाणी रोज वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी घ्या. बादलीला दोर बांधा, काठावर वाकू नका.

माझा नवरा, तुमचा बर्टकाका, तापाने गेला असं तुम्हा मुलांना सांगत आलो. तो रोज संध्याकाळी एकाच झाडाखाली गळ टाकून बसायचा. सात दिवस बसला. आठव्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर तिथे त्याची नुसती टोपी होती. त्याला वीस वर्षं झाली.

मला फार भीती वाटते आहे, पोरी. एवढं ऐक.

मेव्हिसमावशी

नदीकाठ, १० जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बर्टकाकाचं वाचून डॉट आणि मी रडलो. तंबू वर नेलाय, बादलीला दोर बांधलाय, जागा रोज बदलतोय. ट्रेव्हर म्हणतो, मावशीची मगर सुट्टीवर गेलेली दिसते. मला मात्र झोप नाही. जरा खुट्ट झालं की उठून बसते.

बरं वाटतं ते फक्त संध्याकाळी साडेपाचला, या वाकड्या झाडाखाली स्टूल टाकून लिहायला बसते तेव्हा. आले त्या दिवसापासूनची सवय आहे. काळजी करू नकोस, पाणी चांगलं चार पावलं लांब आहे आणि मी त्याला हातही लावत नाही. पलीकडच्या काठाला एक ओंडका होता, तोच माझा सोबती. आज तो बराच अलीकडे आलाय. वारा तर कुठेच नाही.

उद्या परतताना क्लॅरी हे पत्र घेऊन जाईल.

तुझी,
शेरिल

नॉर्मन्टन, १४ जुलै

चि. एनिड हिस अ. आ.

आधी हे वाच: तुझी लेक माझ्या घरी आहे आणि तिच्या अंगावर ओरखडाही नाही. आता पुढचं वाचून हवी तेवढी घाबर.

शुक्रवारी सकाळी तिचं पत्र आलं. झाड, साडेपाच, अलीकडे आलेला ओंडका. मी क्लॅरीला गुत्त्यातून उठवलं. तो म्हणाला, ट्रक मंगळवारीच सुटतो. मी म्हटलं, आज मंगळवारच आहे, चढ. वाटेत दोनदा टायर फुटला. पोहोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती स्टुलावर बसून लिहीत होती. मी हाक मारत बसले नाही. तिची वेणी धरली आणि फरपटत वर आणली. पोरगी संतापली, म्हणाली की ट्रेव्हरसमोर अब्रू काढलीस. मी म्हटलं, दहा मिनिटं माझ्याजवळ उभी राहा, मग काय हवं ते बोल. खाली स्टूल तसंच होतं, त्यावर तिचा लाल स्वेटर. ओंडका मला कुठेच दिसला नाही.

साडेपाचला पाणी फुटलं आणि स्टूल गेलं, स्वेटरसकट. ट्रेव्हर होता तिथेच मातीत बसला. त्यालाही डॉटलाही ट्रकमध्ये घालून आणलंय. गाडी राहू दे तिथेच.

शेरिल नीट जेवते. काल तिने विचारलं, की तुला कसं कळलं. मी म्हटलं, तूच तर लिहिलं होतंस. तिची वेणी मी अजून सोडलेली नाही. चहासुद्धा एका हाताने ओतते. ती हसत नाही आणि सोडवूनही घेत नाही.

बर्टच्या वेळी चहाला उकळी यायची वाट बघत मी पाच मिनिटं चुलीपाशी थांबले होते.

माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
मेव्हिस