हाल्मोनीची सही

४ फेब्रु., मंगळ.
कोरियाहून पत्र. सूनबाईच्या, हानाच्या, पणजोबांच्या अस्थी सन्मानाने मायदेशी नेणार. कोरियावर जपान्यांचं राज्य असताना त्यांनी इथे कॅलिफोर्नियात शेतमजुरी करत स्वातंत्र्याचं काम केलं. हाना आनंदाने रडली. संमती लागते हयात अपत्याची, म्हणजे हानाच्या आजीची. वय ९२, वर्षभर आमच्याकडेच असते, सगळे तिला हाल्मोनी म्हणतो. कोरियनमध्ये आजी. मुलगा नि. आणि हाना ऑफिसला गेले की आम्ही दोघी म्हाताऱ्याच घरात.
ती "नो" म्हणाली आणि संत्रं सोलत बसली.

६ फेब्रु.
व्याही डॅनियल येऊन गेले. हाल्मोनीपुढे, स्वतःच्या आईपुढे, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. ढिम्म. जाताना मला, "मिसेस देव, ती तुमचं ऐकते."
ऐकते कसली! बी.पी. १६०, मीठ सोडत नाही.

९ फेब्रु., रवि.
महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला तिलाही नेलं. अध्यक्षीणबाईंनी हौसेने "स्वातंत्र्यसैनिकाची कन्या" म्हणून सत्कार केला, शाल, श्रीफळ. (माझाही मागे झालाय. स्वातंत्र्यसैनिकाची सून म्हणून.) हाल्मोनीने नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "हा त्याला द्या. मला त्याचं काही नको." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० फेब्रु.
आज स्वतःहून बोलली. तिच्या लहानपणी स्वयंपाकाआधी माणशी एक मूठ तांदूळ बरणीत काढायचे, देशकार्यासाठी. मी लगेच म्हटलं, आमच्याकडेही मुष्टिफंड होता, माझ्या सासूबाई काढायच्या. तिने हात वर करून मला थांबवलं.
एका हिवाळ्यात काम नव्हतं. धाकटा भाऊ चार वर्षांचा, तापाने फणफणलेला. आईने बरणीतले दोन मुठी तांदूळ घेऊन त्याला पेज केली. बापाने ओळखलं. रविवारी चर्चमध्ये तिला सगळ्यांसमोर उभं केलं, तिच्याच तोंडून वदवून घेतलं, मी देशाचे तांदूळ चोरले. बुधवारी भाऊ गेला. बाप सभेला गेला होता.
आई, बाप, भाऊ, तिघं फ्रेस्नोजवळ शेजारी शेजारी पुरलेत. "त्याला तिथेच राहू दे वसू. त्या पोराच्या शेजारी. सुटू द्यायचं नाही."
जेवण गेलं नाही मला. राग आला. तिच्या बापाचा यायला हवा होता, पण आला तिचा. माझे सासरे बेचाळीसच्या चळवळीतले, मामंजींची तसबीर मी इथवर आणली, आणि ही बाई... सासूबाईंना कधी विचारलंच नाही आम्ही काही.

१३ फेब्रु., गुरु.
केलं.
फिजिओथेरपीवाली येऊन गेली की हाल्मोनी हजेरीच्या कागदावर सही करते. दिसत नाही नीट, मी बोट ठेवेन तिथे करते. आज दोनदा बोट ठेवलं. दुसरा कागद संमतीचा. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.
"आज दोन का?" म्हणाली.
"कॉपी हवी त्यांना."
डॅनियलनी फोनवर तीनदा थँक यू म्हटलं. हानाने मिठी मारली. सही कशी मिळाली, तिला माहीत आहे सगळं.

११ मार्च
अस्थी काढल्या. हाना आणि डॅनियल पहाटेच गेले होते. हाना म्हणाली, "आई, इट वॉज सो ब्युटिफुल." शेजारी त्या लहान मुलाच्या थडग्यावर माती सांडली होती, ती झाडून घेतली म्हणे. हाल्मोनीला अजून सांगितलं नाही.

१४ मार्च
सांगितलं. आरडाओरडा नाही. कागद मागितला, भिंगातून सही पाहिली. "माझीच आहे."
मग, "मी कधी केली?"
डॅनियल पटकन म्हणाले, "मॉम, यू साइन्ड इट. यू फर्गॉट."
हानाने कागदाची घडी घातली. हाल्मोनी माझ्याकडे वळली. मी मान हलवली. हो अशी.

२० मार्च
आता सगळ्यालाच विचारते. गोळी घेतली का मी? काल आंघोळ केली का? घेतलेली असते, केलेली असते. काही विसरत नाही ती. महिन्यापूर्वी चर्चमधले ते लोक नावानिशी सांगितले होते तिने.
डॅनियलनी मेमरी टेस्ट ठरवली. नापास झाली तर "फॅसिलिटी" बघून ठेवलीय, विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठीची, सॅन होजेला, दाराला कोडचं कुलूप असतं. नि. म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस." पडायची काय बाकी आहे!

२६ मार्च, बुध.
उद्या टेस्ट. दुपारी ती वही घेऊन बसली, मोठ्या अक्षरात तारीख, राष्ट्राध्यक्षांचं नाव, आमच्या घराचा नंबर. घोकत होती. म्हटलं, सगळं बरोबर आहे तुमचं.
"मग सही कशी विसरले?"
मी भांडी लावत होते.
"वसू, तू होतीस तिथे. मला वाचून दाखवलं होतं का? मी कळून केली?"
दहा वेळा तोंडाशी आलं. हानाची गाडी दारात लागत होती.
"हो," म्हटलं. "वाचून दाखवलं होतं."
तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढे माझं नाव लिहिलं.
सकाळी साडेआठला निघायचं. डॉक्टरांच्या खोलीत घरातलं एकच माणूस चालतं. ती म्हणाली, वसू येईल.